सोलं पाजलेलं इंजिन

तारकर्लीच्या अख्ख्या किनाऱ्यावर ज्याला बोट लागते असा पुरुष एकच होता, आणि तो नेमका सुभद्रेच्या पदरी पडला.

भाई त्यांचं नाव. बाप होडी चालवणारा तांडेल, आजा तांडेल, आणि हा एकुलता झील, म्हणजे मुलगा, मात्र होडीत पाय ठेवला की पिकल्या केळ्यासारखा पिवळा पडायचा. सकाळची पेज माशांना जायची. सुभद्रेच्या सासऱ्यांनी त्याला सरावायचा प्रयत्न दोनदा केला, एकदा दर्याला नारळ देऊन आणि एकदा झिलाला शिव्या देऊन. दोन्ही फुकट गेलं. शेवटी मुंबईच्या गोदीत कारकुनाची जागा बघून दिली. "जहाजार चडू नको, पण निदान मोज तरी," म्हणाले. भाईंनी गोदीत उभी नोकरी काढली. समोरच्या जहाजाच्या शिडीला हातसुद्धा लावला नाही.

मग घरची होडी कोण चालवणार? नवरा मुंबईत, दीर नाही, सासऱ्यांचे गुडघे धरलेले. सुभद्रा मूळची रेडीची. तिचा बाप बंदरात बार्जवर खलाशी होता, आणि त्याला जेवण पोचवता पोचवता डिझेलचा वास तिच्या नाकात सुरंगीच्या गजऱ्याच्या आधी बसला होता. एके सकाळी तिने पदर खोचला आणि सासऱ्यांना म्हणाली, "मामांनू, तुमी फुडे बसा आणि सांगा. धरतंय मी."

गाव महिनाभर तेच चघळत बसलं. मग गावाला दुसरं काहीतरी मिळालं.

सासऱ्यांनी तिला वारा शिकवला, भरती-सुकती शिकवली, कर्ली नदीच्या मुखाजवळ वाळू दरवर्षी कशी जागा बदलते ते शिकवलं. पण इंजिनाच्या बाबतीत त्यांचा वेद एकाच ओळीचा. "सुने, पोर आणि इंजिन, दोगांचां सारख्याच. आदी बघूक व्हयां, मुतता काय नाय."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सुभद्रा लाजून पाण्यात बघत राहिली. पण गोष्ट खरी होती. होडीच्या मागे टांगलेलं इंजिन आपल्या पायातून दर्याचं पाणी ओढतं, ते अंगभर फिरवून स्वतःला थंड ठेवतं आणि बाहेर टाकतं. त्यातली एक बारीक धार मागच्या भोकातून दिसेल अशी सोडलेली असते. धार आहे तोवर इंजिन जिवंत. धार थांबली की हात आधी बटणावर, मग देवाकडे. पुढे पर्यटक यायला लागले, होडीची बोट झाली, एका इंजिनाची दोन झाली, तरी निघण्याआधी सुभद्रा मागे वाकून मोठ्याने विचारायचीच, "मुतताहत मां रे दोनय?" पुण्याच्या बायका एकमेकींकडे बघायच्या. सुभद्रेला त्याचं काही नव्हतं.

आता ती साठी ओलांडून गेलेली. परवाना तिच्या नावावर, बोट तिच्या नावावर. 'श्री रवळनाथ' पांढरी-निळी, दरवर्षी रंगवलेली. भाई निवृत्त होऊन घरी आलेले, खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला दर्याचे सल्ले द्यायचे. मुलगा विनीत बुकिंग बघायचा, सून रसिका घरातल्या चार खोल्यांत उतरलेल्या पाहुण्यांचं. आणि सुभद्रा सकाळी लोकांना डॉल्फिन दाखवायला न्यायची, मेपर्यंत रोज.

त्या मे महिन्यात मात्र गोची झाली. परतीच्या वाटेवर उन्हाच्या झळाळीत तिला कुणाच्यातरी जाळ्याचे तरंगते बोये दिसले नाहीत. बोट जाळ्यावरून गेली, पंखा गुरफटला, आणि नाशिकची एक मंडळी उन्हात शिजत बसली. कुणाला काही झालं नाही. पण विनीत घाबरला, आणि घाबरलेला मुलगा आईवर ओरडतो.

"तुजे डोळे पयलेसारखे रवले नाय, आये. यंदापासून देवबागचो प्रीतम तांडेल म्हणान येतलो. तू घरात बस, पाहुण्यांका गजाली सांग."

"गजाली सांगूक तुजो बापूस आसा मां. तेचा काम कित्याक काडून घेतंस?"

पावसाळाभर दोघं रसिकामार्फत बोलत होती. "तेका सांग, भात निवता." "तिका सांग, माका भूक नाय." रसिका कुडाळच्या मास्तरांची मुलगी, ती एकदा म्हणाली, "मी पोस्टमन नाही. आणि भूक नसेल तर मी वाढणारही नाही." शेवटी गणपतीत, आरती संपल्यावर, ताम्हन हातात असतानाच विनीत नमला. विसर्जनानंतर एक ट्रायल. आईने बोट खाडीतून बाहेर न्यायची, दर्यात फिरवायची, परत आणायची. काही विघ्न न येता आणली तर स्टिअरिंग तिचं. काही भानगड झाली तर प्रीतमचं, आणि त्यावर पुन्हा अक्षर नाही.

"गणपती समोर बसलोहा," सुभद्रा म्हणाली. "मगे फिरा नको."

"तूच फिरा नको."

आता यात सोलं, म्हणजे आमसुलं, कुठून आली? तर ती त्याच्याही आधी आली होती.

पावसात बोट वर ओढून चुडतांनी, म्हणजे माडाच्या झावळ्यांनी, झाकलेली असते. सुभद्रेला रिकामे हात सोसत नाहीत. गणपतीसाठी रसिका समया आणि ताम्हन सोलांनी घासत होती, सोल फिरलं की तांबं कसं नव्या नवरीसारखं उजळतं ते सुभद्रा बघत होती, आणि तिच्या डोक्यात आलं: इंजिनाच्या आतल्या वाटांत वर्षानुवर्षं दर्याचं मीठ धरलेलं असतं. सोल जर तांब्याचा हिरवा कळंक काढतं, तर मिठाचा काय पाड? तिने डबाभर सोलं उकळली, पंच्यातून गाळली, अर्ध्या कापलेल्या पिंपात विहिरीच्या पाण्यात कालवली आणि डाव्या इंजिनाचा पाय त्यात बुडवला. दोन्ही इंजिनांना पुरतील इतकी सोलं नव्हती. घरच्या सारालाही ठेवायला हवी होती. तिने इंजिन चालू केलं, त्याने लाल पाणी जरासं वर ओढलं, तोच खळ्यातून भाईंचा आवाज आला.

"अगो, माणूस निजलोहा हय! दुपारची वेळ ती काय!"

तिने इंजिन बंद केलं. लाल पाणी रात्रभर आत मुरू दिलं, दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने जरा धुतलं, आणि ती गणपतीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला आत गेली. भाऊबंदांत ही बातमी लगेच फिरली. सुभद्रेने इंजिनाला सोलकढी पाजली! विनीतने कपाळाला हात लावला. "डोळ्यांचां मी बोललंय. डोक्याचां आता लोक बोलतत."

विसर्जन झालं, बोट पाण्यात गेली. ट्रायलीला विनीत मीटरसमोर उभा, प्रीतम पुढे बसलेला. प्रीतम पोरगा गुणी. काकीचं स्टिअरिंग आपल्याला मिळणार याची त्याला तिच्यापेक्षा जास्त लाज वाटत होती. सुभद्रा मागे वाकली. उजवं इंजिन नेहमीसारखं बारीक मुतत होतं. डाव्याची धार मात्र अशी लांब गेली की बाजूच्या होडीतला माणूस बाजूला सरकला.

"काकी, काय जोर हो!" प्रीतम म्हणाला. "तरणां झाला इंजिन!"

"सोलां खाल्लीहत तेनी," सुभद्रा म्हणाली, आणि विनीतकडे बघितलं नाही, म्हणजे त्याला बघून घेतलं.

खाडीभर सगळं सुरळीत. मुखातली लाट ओलांडली, तिने वेग दिला आणि डाव्या इंजिनाच्या पाण्याच्या दाबाचा काटा उठला. नेहमीची जागा सोडून वर, आणखी वर, पट्टी संपते तिथपर्यंत. आणि थोड्याच वेळात डाव्या इंजिनाने तापल्याचा भोंगा वाजवला. अगदी चिरका, मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा.

सुभद्रेने डावं बंद केलं आणि उजव्यावर बोट परत आणली.  धक्क्याला लागल्यावर विनीत एकच शब्द बोलला. "सोलां."

मग म्हणाला, "झाली ट्रायल."

"ही खंयची ट्रायल? ही तपासणी."

"आये!"

तंटा लवूकडे गेला. लवू भाईंचा चुलत भाऊ, किनाऱ्यावरची निम्मी इंजिनं त्याच्या हातची. तोंडात पान आणि खिशात पाना, असा कायमचा. त्याने दोघांचं ऐकून घेतलं, पिंक टाकली आणि निकाल दिला. "झिला, नवरीक ताप इलो तर लगीन मोडत नाय, फुडे ढकलतत. रयवारी बघुया. तोपर्यंत माका आणि वयनीक इंजिन बघूक दी."

"आणि रयवारी पुना वाजला तर?"

"तर प्रीतम," सुभद्रा म्हणाली. 

लवूने धक्क्यावर उकिडवं बसून आधी बोलूनच घेतलं, ही त्याची पद्धत. "वयनी, आतापर्यंत आमी काय बघीत इलाव? धार कमी झाली, काटो पडलो, की पाणी कमी. पंप गेलो, नायतर पायाच्या जाळयेत प्लास्टिकची पिशवी. हय उलटां आसा. काटो वर, धार जोरात, आणि तरी इंजिन तापता. म्हणजे पाणी येता, पण भायर जावक वाट गावना नाय. जत्रेत मागसून लोक ढकलतत आणि देवळाचो फुडचो दरवाजो बंद."

"म्हणान ती धार इतकी लांब गेली?"

"तर! दरवाजो बंद, मगे लोक खिडकीतसून उडयो मारतले."

 त्याच धारेवर सुभद्रा सकाळी फुशारली होती. सासऱ्यांनी मुतता काय ते बघायला शिकवलं होतं. जास्तच मुतलं तर काय, हे कुणी सांगितलं नव्हतं.

"पण आदी मीटर खोटां बोलता काय तां बघुया," ती म्हणाली. "माजो घोव गोदीत होतो. आकड्यार इस्वास ठेवचंय नाय."

मीटरांच्या मागे दोन बारीक नळ्या येतात, इंजिनागणिक एक. लवूने त्यांची अदलाबदल केली आणि त्यांनी बोट पुन्हा मुखापर्यंत नेली. वेग दिला. आता उजव्या इंजिनाच्या मीटरचा काटा टिपेला गेला, कारण नळी डाव्याची होती. भोंगा वाजायच्या आत सुभद्रेने वेग सोडला. मीटर दोन्ही सच्चे होते. दुखणं डाव्याच्या आतच होतं.

"सोलां," धक्क्यावरून विनीत म्हणाला.

"लवूकाकान पावसाच्या आदी नवो इम्पेलर घातल्यान," त्यानेच पुढे शंका काढली. इम्पेलर म्हणजे पंपातला रबराचा पंखा. "मोठो तर घालूक नाय?"

लवूला हे लागलं. "मोठो? तुका लंगोट बांधूक येय नाय होतो तेवापास्ना मी इम्पेलर घालतंय!" त्याने तिथल्या तिथे इंजिनाचा पाय उतरवला, पंप खोलला आणि रबराचा पंखा विनीतच्या नाकासमोर धरला. एकूण एक पाती शाबूत, माप उजव्याइतकंच. "बघितलंस? आता वास घे. सोलांचो येता?"

विनीतने खरंच वास घेतला. "ग्रीसचो."

"मगे सोलांका सोड."

उरला थर्मोस्टॅट. ही इंजिनातली एक पितळी झडप. इंजिन थंड असेतो मिटलेली, तापलं की आपणहून उघडते आणि पाण्याला वाट देते. तीच जर मिटून बसली तर पाणी तुंबणारच. ती उघडते की नाही हे बघायला पाणी तापवायला हवं, आणि तापलेलं पाणी मिळण्याची जागा घरात एकच.

रसिका पाहुण्यांच्या खोल्यांचे पडदे लावून स्वयंपाकघरात आली तेव्हा तिच्या पेजेच्या टोपात दोन्ही इंजिनांच्या दोन झडपा सुतळीने टांगलेल्या होत्या आणि सासू नि लवूकाका टोपात डोकं घालून उभे होते.

"हे काय चाललंय?" रसिका रागावली की तिची मराठी पुस्तकात जायची. "हे भांडं अन्न शिजवण्याचं आहे!"

"शू! उगडतली आता," सुभद्रा म्हणाली.

भाई दारातून डोकावले, टोपात शिंपल्या उकळताहेत असं समजून. "आज काय तिसऱ्यो?"

"तिसऱ्योच. पितळेच्यो," लवू म्हणाला.

पाण्याला बुडबुडे धरायला लागले आणि एक झडप हलली. मग दुसरी. दोघींनी जवळजवळ एकदमच तोंडं उघडली, घरट्यातल्या पिल्लांसारखी. डाव्याची झडप उजव्याइतकीच चोख. लवूने हात कमरेवर ठेवले. "ही पण बरी. वयनी, माजी बुद्धी आता चाय मागता."

रसिकाने चहा ठेवला, पण टोप सासूच्या पुढे सरकवून. सुभद्रेने तो घासायला घेतला. हात टोपात, जीव डाव्या इंजिनात. रविवार जवळ आलेला. ती घासत राहिली आणि तिला दिसत राहिलं, प्रीतम स्टिअरिंगवर, आपण खळ्यात भाईंच्या शेजारी बाकावर, आणि दोघं मिळून लोकांना दर्याचे सल्ले देतोय. तिने टोप हळूच कलता करून पाणी ओतलं आणि तो पालथा घालायला गेली.

"आई, अहो!" रसिकाने टोप हातातून घेतला. "तळाला गाळ सगळा तसाच आहे. घासून काय उपयोग? गरम पाणी घ्या, खळबळवा आणि झटक्यात ओता. नाहीतर निघालेली घाण आतच राहते."

सुभद्रा ओल्या हातांनी पाटावर बसली.

"लवू," ती म्हणाली, "थंड इंजिनात ही झडप मिटलेली रवता मां?"

"व्हय."

"मी सोलां घातलंय तेवा इंजिन तापूक नाय. तापायच्या आदी बंद केलंय. धुतलंय तां पण थंडच. मगे सोलांनी जां मीठ सुटां केला, तां खंय गेला?"

लवूने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "खंयच नाय गेला."

"भांडां घासलंय," सुभद्रा म्हणाली, "आणि खळबळवूक इसारलंय."

लवू चहा अर्धा टाकून उठला. थर्मोस्टॅटच्या पलीकडे आणखी एक झडप असते, स्प्रिंगची. इंजिन जोरात फिरायला लागून पाणी वाढलं की ती दाबाने उघडते. म्हणूनच खाडीत सारं ठीक आणि वेग दिला की आरडाओरड. लवूने तिचं झाकण काढलं, आणि विनीत, प्रीतम, खळ्यातून प्रथमच धक्क्यापर्यंत चालत आलेले भाई, सगळे वाकले. भाईंनी एका हाताने माड धरून ठेवला होता.

स्प्रिंगभोवती आणि मागच्या वाटेत मिठाच्या खपल्या दाटून बसल्या होत्या. चपट्या, कडक, तांदळाच्या कण्यांपासून नखाएवढ्यापर्यंत. आणि सगळ्या गुलाबी. लवूने एक उचलली आणि आजवर कुठल्याही मेकॅनिकने केलं नसेल ते केलं. चाटली.

"आंबट," तो म्हणाला.

"म्हणजे सोलांच!" विनीत जवळजवळ नाचला. "मी काय सांगी होतंय? पयल्या दिसापास्ना सांगतंय!"

आई आता तुटून पडणार म्हणून तो दोन पावलं मागे सरला. पण सुभद्रा म्हणाली, "तुजां खरां आसा. ह्यां माजाच काम."

 आईने आयुष्यात कधी असं म्हटल्याचं विनीतला आठवत नव्हतं. काय करायचं असतं अशा वेळी, ते त्याला कळेना. तो उगीच प्रीतमकडे बघून म्हणाला, "तसां मीठ सुटला मातर."

"आणि तापूक कित्याक दिलंस नाय इंजिन?" भाईंनी मागून विचारलं.

सुभद्रेने मान वळवून त्यांच्याकडे नुसतं बघितलं. भाईंना आपली ती दुपार आठवली. "माका वाटता भरती येताहा," ते म्हणाले, आणि घराकडे चालू लागले.

मग उलटं पाणी मारलं. दोन्ही झडपा काढून, विहिरीच्या पंपाची नळी वरून लावून. पाण्याने नेहमीची वाट सोडून मागे धाव घेतली आणि गुलाबी खपल्या खळाखळा खाली पडायला लागल्या. प्रीतमने खाली सूप धरलं. खपल्या संपल्या, मग गुलाबी पाणी, मग साधं पाणी, तरी सुभद्रा नळी सोडेना. "आजून. आजून रे. सुनेन सांगल्यान हा, झटक्यान." शेवटी लवूने आत बॅटरी मारली आणि शीळ घातली. डाव्याच्या आतल्या वाटा घासलेल्या ताम्हनासारख्या लखलखत होत्या. ताडून बघायला त्याने उजव्याचं झाकणही काढलं, आत डोकावला आणि लगेच परत लावलं.

"काय झाला?" विनीतने विचारलं.

"ह्याच्यात मिठागर आसा. सीझन काडीत खरो, पण फुडच्या पावसात ह्येकाय सोलां." मग सुभद्रेकडे बघून, "गरम पाण्यातसून."

रविवारी वारा पडलेला होता, पण मुखावर लाट उभी होती. विनीत मीटरसमोर, प्रीतम पुढे, लवू मागे इंजिनांपाशी. सुभद्रेने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. स्वतः मागे गेली, वाकली, दोन्ही धारा नीट बघितल्या. दोन्ही सारख्या, बारीक, समजूतदार.

वाळूचा उंचवटा यंदा देवबागच्या बाजूला सरकला होता. तिने तो पाण्याच्या रंगावरून ओळखला आणि बोट बाजूने काढली. लाट आली, बोट उचलली गेली, आपटली. मग मोकळा दर्या. तिने दोन्ही हातांनी वेग दिला.

विनीतने काट्यावरून डोळे हलवले नाहीत. डावा काटा उठला, आपल्या जागेवर आला आणि तिथे बसला. उजव्याच्या किंचित खालीच. विनीतने मीटरच्या काचेवर टिचकी मारली. काटा ढिम्म. भोंगा गप्प. लवू मागून ओरडला, "डाव्याक हात लाव बघ, झिला! थंड आसा, तुज्या बापाशीच्या डोक्यासारख्या!"

सुभद्रा हसली, पण डोळे समोर. सूर्य पाण्यावर पडला होता आणि पुढे सगळी चांदी पसरलेली, मे महिन्यात होती तशीच. त्या चांदीत प्रीतमचा हात एकदम वर गेला आणि डावीकडे वळला.

तिला काही दिसत नव्हतं. पण हात दिसला. तिने विचारलं नाही, बोट डावीकडे वळवली. आणि मग, उजव्या बाजूला, बोटीच्या काठापासून वावभर, म्हणजे दोन हात पसरल्याएवढ्या, अंतरावर, जाळ्याचे पांढरे बोये एकामागून एक निघून गेले.

 विनीतने बोये बघितले होते. आपण ते प्रीतमच्या नंतर बघितले हे सुभद्रेला माहीत होतं, आणि आईला माहीत आहे हे विनीतला माहीत होतं. ठरलं होतं त्याप्रमाणे विघ्न काही आलं नव्हतं. बोट धडधाकट परत येत होती. काटे जागेवर होते. ती जिंकली होती. तरी खाडीत शिरून पाणी शांत होईपर्यंत ती प्रीतमच्या हाताकडे बघत राहिली.

धक्का दिसायला लागला तसा विनीत खाकरला. "आये, ट्रायल तर..."

"तू गप रव. मी सांगतंय." तिने वेग उतरवला. "स्टिअरिंग माजां. ठरला तसां."

"व्हय. ठरला तसां."

"प्रीतम!"

"ओ, काकी?"

"उद्यापास्ना तू येतलंस. पगार विनीत देतलो, तां तुमचां तुमी ठरवा. पण हय माज्या बाजूक नाय. तू फुडे बसतलंस, आता बसलंस तसो, आणि मोबायल घरात ठेवन. हात वर झालो की मी वळतलंय. इचारुचंय नाय. हात खोटो झालो तर दर्यात ढकलतलंय."

प्रीतमच्या चेहऱ्यावरून महिनाभराचं ओझं उतरलं. "आणि डॉल्फिन दिसलो तर काकी?"

"तर लोकांका सांग, तेच्यासाठी पैसे देतत ते. माका कित्या सांगतंस? डॉल्फिन माका वासान कळता."

"डॉल्फिनाक वास नसता, आये," विनीत म्हणाला. थेट आईला, मध्ये कुणी नसताना.

"तुका काय म्हायती? तू कदी फुडे बसलंस?" ती म्हणाली, आणि बोट धक्क्याला अशी अलगद लावली की दोर टाकायला उभा राहिलेल्या लवूला तोल सावरावा लागला नाही.